बॉनेटखालची गोधडी

कडूबा हिवराळे सर शनिवारी पहाटे साडेपाचला उठले, तांब्याभर पाणी प्याले, अंगणातला दिवा मालवला आणि गाडीवरचं आच्छादन काढून त्याच्या चार घड्या घातल्या. सहाला दूधवाला आला. सव्वासहापर्यंत त्यांनी काचा आधी ओल्या, मग कोरड्या फडक्यानं पुसल्या. साडेसहाला चारही चाकं अंगठ्यानं दाबून पाहिली. आणि पावणेसातला, चहाचा कप कुंपणाच्या भिंतीवर ठेवून, तेल पाहण्यासाठी बॉनेट उघडलं. भोकरदनच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या या माणसाचा निवृत्तीनंतरचा प्रत्येक शनिवार याच क्रमानं उजाडत आला होता. त्या शनिवारी फरक एवढाच पडला, की बॉनेटबरोबर वर जायला हवी होती ती एक वस्तू वर न जाता सरांच्या डोक्यावर आली.

ती बॉनेटच्या आतल्या बाजूची गादी होती. गॅरेजवाले तिला नमदा म्हणतात; इंजिनाचा आवाज आणि धग अडवणं हे तिचं काम. तिला धरून ठेवणाऱ्या नऊ क्लिपांपैकी पाच उंदरानं कुरतडल्या होत्या. एका कोपऱ्यात त्यानं भुईमुगाच्या टरफलांचं घर केलं होतं आणि उरलेल्या भागावर अकरा वर्षांचं तेल आणि धूळ यांचा थर बसला होता.

एरवी सरांनी हे काम पुढच्या शनिवारवर टाकलं असतं. पण दुसऱ्या दिवशी अक्षता येणार होती. त्यांची ही मुलगी छत्रपती संभाजीनगरला एका रुग्णालयात परिचारिका होती. गेल्या महिन्यात गाडीचा आरसा स्वतःच्याच फाटकाच्या खांबाला घासला, ही बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. सरांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे हे तिला ठाऊक होतं. तो फारसा पिकलेला नाही हे फक्त सरांना ठाऊक होतं. फोनवर तिनं स्पष्ट सांगितलं होतं, "पप्पा, रविवारी येते. राजूरपर्यंत तुम्ही चालवायची, मी शेजारी बसते. मला ठीक वाटलं तर चावी तुमच्याकडं. न्हाई तर ऑपरेशन होईस्तोवर चावी माझ्या पर्समधी."

सरांचं आयुष्यात गाडीइतकं स्वतःचं असं दुसरं काही नव्हतं. पायी शाळेत जाणाऱ्या मुलानं साठीच्या उंबरठ्यावर घेतलेली ती गाडी होती. परीक्षेला ती सर्वांगानं निर्दोष असावी, असं त्यांना वाटणं स्वाभाविक होतं.

त्यांनी राधेश्यामला फोन लावला. हा त्यांचा जुना विद्यार्थी. बसस्थानकामागे त्याचं गॅरेज होतं.

"जय भीम सर! नमदा का? पाण्यात बुडवू नका, बिलकुल न्हाई. मऊ ब्रशनं धूळ झाडा. तेलाचा डाग असंल तर ओलसर फडक्यानं टिपून घ्या, घासू नका. मंग सावलीत सुकवा. नवा पायजे असंल तर मागवावा लागतो, चार दिवस लागतेत."

"चार दिवस नाहीत रे माझ्याकडं."

"मंग जपून करा सर. आत नुसता कापूस-चिंध्यांचा लगदा ऱ्हातो, दाबून बसवलेला."

पुढचे दोन तास सरांनी जे काम केलं ते पाहण्यासारखं होतं. एका जुन्या तक्त्याच्या मागच्या बाजूला त्यांनी बॉनेटची आकृती काढली, प्रत्येक क्लिपची जागा आकड्यानं दाखवली आणि निघालेली क्लिप त्या त्या आकड्यावर ठेवली. दाढीच्या जुन्या ब्रशनं, एकाच दिशेनं, त्यांनी नमदा झाडला. डाग टिपून टिपून फिके केले. साडेनऊला नमदा बाजेवर सावलीत पडला तेव्हा तो नवा दिसत नव्हता; पण सांभाळलेला दिसत होता. सर क्लिपा आणायला बाजारात गेले.

इथून पुढचा प्रसंग बेबीनंदाबाईंच्या सद्‌भावनेतून घडला. सरांच्या या पत्नीची गोधडी भोकरदन ते जाफराबाद प्रसिद्ध होती. त्यांचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, आणि एक टाका दुसऱ्याहून मोठा कधी नसे. कुणाच्या घरी बाळ होणार असलं की बायका सातव्या महिन्यातच त्यांच्याकडे जुनी लुगडी पोचत्या करत. अशा बाईनं बाजेवरची ती गादी उलटून पाहिली, नाकाला लावली आणि निष्कर्ष काढला, की पुरुषमाणसानं गोधडी नुसती झाडून ठेवली आहे.

सर परत आले तेव्हा धुण्याच्या दगडावर सोड्याचा फेस होता आणि बाईंच्या हातात धोपाटणं.

"अगं! काय करून राह्यलीस?"

"धुऊन राह्यले. पन अवो, तुमच्या कंपनीची गोधडी लई कच्ची निघाली. दोन फटके बराबर झेलले तिनं. तिसऱ्याला बसलीच."

दगडावर भिजलेल्या कागदाच्या लगद्यासारखं काहीतरी होतं. मोरीच्या तोंडाशी बाकीचं होतं.

"पाण्यात बुडवायचं नव्हतं ते!"

"मंग सांगायचं ना. क्लिपायला आकडे टाकले, मला एक सबुद न्हाई बोलले."

हा आक्षेप न्याय्य होता. सर पायरीवर बसले. मुलगी बॉनेट उघडणार, आतला उघडा पत्रा पाहणार, आणि 'पप्पांकडून आता सांभाळणं होत नाही' असं म्हणणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

बाईंनी हात पुसले. दगडावरचा लगदा त्यांनी एकदा बोटानं चाचपला. "आत चिंध्या, वरून कापड, मधी टाके. हे मला येत न्हाई का? तुम्ही तेवढं माप द्या."

माप तक्त्यावर होतंच. सरांनी शाळेतून निरोपाच्या दिवशी मिळालेला, प्रकाशाच्या प्रयोगांसाठी वापरलेला काळा जाड पडदा काढून दिला. जेवण झाल्यावर बाई सुई घेऊन बसल्या आणि उन्हं कलेपर्यंत उठल्या नाहीत. त्या काळ्या कापडावर टाक्यांच्या ओळी अशा उमटत गेल्या, की सर चष्मा पुसून दोनदा जवळ आले. क्लिपांच्या नऊ छिद्रांना त्यांनी बटणाच्या काज्यासारखे काठ विणले.

"आत भराव कमी पडून राह्यलाय," त्या म्हणाल्या. "कोठीतलं ज्वारीचं रिकामं पोतं आना. घडी करून तुम्हीच सारा आत. मी तवर भाकरी टाकते. बाजूचं मिरचीचं हाये, ते नका आनू."

सर कोठीत गेले, उजव्या हाताच्या खुंटीवरच्या दोन पोत्यांपैकी एक मान न वळवता काढलं, झटकलं, घडी केली आणि उघड्या बाजूनं नीट आत सारलं. बाईंनी येऊन ती बाजू शिवून टाकली. शिवताना त्यांना एक शिंक आली. "गच्चीवरच्या मिरच्यांचा खकाणा आज लई हाये," असं त्या म्हणाल्या. त्या दिवसांत गच्चीवर वर्षाच्या तिखटासाठी मिरची वाळत होती आणि घराला दुसरा वास नव्हताच.

रविवारी दहाच्या बसनं अक्षता आली. तिनं आल्याबरोबर गाडीभोवती एक फेरी मारली, घासलेल्या आरशापाशी थांबली. "निघायचं?"

एरवी बेबीनंदाबाई पुढे बसत. त्या दिवशी तिथे अक्षता बसली आणि बाई मागे, दोन्ही सीटांच्या मधोमध, पुढे सरकून. बाईंना गाडीत सतत बोलायची सवय होती. सरांना ती आवडत नसे. ते म्हणत, हिच्यासोबत प्रवास म्हणजे चालता रेडिओ.

गाव संपलं तसा रेडिओ सुरू झाला. "मेंढरं बगा किती निघाली रस्त्यानं, उजव्या अंगाची."

सरांनी वेग कमी केला. मेंढरं गेली.

"ह्या मानसानं मोटारसायकल मधीच उभी केली. बोलतोय फोनवर. लाज न्हाई लोकायला."

सरांनी अलगद वळसा घेतला.

"मम्मी, जरा शांत बस ना," अक्षता म्हणाली. "मला पप्पांचं ड्रायव्हिंग बघू दे."

"मी कुठं काय बोलले बाई. पुढं गतिरोधक हाये, तेवढंच."

सरांनी गतिरोधक फुलासारखा ओलांडला. अक्षतानं मान डोलावली. सरांच्या पाठीचा कणा इंचभर वर झाला.

"उकडतंय. पंखा लावा ना पप्पा," ती म्हणाली.

इंजिन तोवर चांगलं तापलं होतं. पंख्यानं बॉनेटकडची हवा आत ओढली, आणि पहिली शिंक अक्षताला आली. दुसरी, तिसरी आणि चौथीही तिलाच. मग सरांना असा ठसका लागला, की घशात कुणी शेकोटी पेटवल्यासारखं झालं. दोघांच्याही डोळ्यांतून धारा लागल्या.

"पप्पा... हे... काय..." अक्षताला वाक्य पूर्ण करता येईना.

चाळीस वर्षं खलबत्त्यात मिरची कुटलेल्या बेबीनंदाबाई मात्र शांत होत्या. त्यांनी पदर नाकाला लावला आणि बोलायला लागल्या. आवाज तोच, मघाचाच. "काच खाली घ्या. घेतली? पाय उचला. समोरून कोनी न्हाई. डाव्या अंगाला या... अजून... पूल गेला. आता सपाट हाये. सिग्नल द्या. थांबा."

गाडी थांबली. हातब्रेक ओढला गेला, चारही दिवे लुकलुकू लागले. डावी चाकं डांबराच्या कडेला समांतर, वीतभर अंतरावर उभी होती.

तिघं खाली उतरली. बाटलीभर पाणी डोळ्यांना लावून झाल्यावर अक्षतानं बॉनेट उघडलं आणि जागीच थबकली.

"ही... गोधडी हाये?"

"नमदा म्हनतेत," बाई म्हणाल्या.

अक्षतानं टाक्यांवरून बोट फिरवलं. नऊ काजी मोजली. मग शिवण नखानं उसवून तिनं आतली घडी ओढली. तिच्या तळहातावर मिरचीच्या बिया आणि लाल भुगा पडला. ती एकदा त्याकडे, एकदा आईकडे बघत राहिली आणि रस्त्याच्या कडेला बसून इतकी हसली, की पुन्हा ठसका लागला.

"मिरचीचं पोतं! इंजिनावर! आगबिग लागली असती तर, मम्मी? आधी काढा हे."

"मी ज्वारीचंच आणलं होतं," सर म्हणाले.

"मंग हे कसं काय आलं?" अक्षताचं हसू ओसरू लागलं. तिनं वडिलांच्या चेहऱ्याकडे जरा निरखून पाहिलं.

"मीच चुकले," बाई पटकन म्हणाल्या. "दोन्ही पोती एकाच खुंटीवर मीच अडकवली. अंधारी कोठी, त्यायला काय दिसनार?"

कोठीला पश्चिमेला खिडकी होती. सर एकेक क्लिप काढू लागले.

गोधडी डिकीत गेली आणि गाडी घरी आली. परतीच्या वाटेवर सगळ्या काचा उघड्या होत्या आणि बाई बोलतच होत्या. दारात उतरून अक्षतानं निकाल दिला. "पप्पा, खरं सांगू? मी चावी न्यायलाच आल्ते. पन इतक्या ठसक्यात तुम्ही गाडी रेघेत उभी केली, मला तर न्हाई जमलं असतं. चावी तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

चारच्या बसनं ती गेली. बाई गच्चीवर मिरच्या गोळा करायला गेल्या. सर कोठीत गेले. खुंटीवर उरलेलं ज्वारीचं पोतं आणि डिकीतून आणलेलं मिरचीचं, दोन्ही त्यांनी खिडकीखाली शेजारी अंथरली. उजवा डोळा हातानं झाकला: एक लाल, एक पांढुरकं. मग डावा झाकला. दोन्ही पोती एकाच मळकट रंगाची होती. प्रयोग त्यांनी तीन वेळा करून पाहिला, कारण एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये असं त्यांनी एकतीस वर्षं शिकवलं होतं.

रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "तो पूल तू पाहिलास. मेंढरंही. मला दिसलं नव्हतं, हे अक्षीला सांगितलं का नाहीस?"

"तिनं मला कुठं इचारलं? परीक्षा तुमची होती." बाईंनी त्यांच्या ताटात भाकरीचा आणखी चतकोर ठेवला. "आन् मी बोलतेच की गाडीत. तुम्हालाच कटकट वाटती."

"किती दिवसांपासून?"

"बोलून राह्यले? दिवाळीपासून आसंल."

सरांनी भाकरी संपवली आणि ताटात हात धुतला.

सोमवारी सकाळी आठला ते गाडी हळूहळू, फक्त तीन गल्ल्या, राधेश्यामच्या गॅरेजपर्यंत घेऊन गेले. पुढच्या सीटवर बाई होत्या आणि बोलत होत्या, आणि सर पहिल्यांदाच प्रत्येक शब्द ऐकत होते. बाई तिथूनच बाजारात गेल्या.

राधेश्यामनं डिकीतली गोधडी उलटसुलट करून पाहिली. "सर, हे काम कंपनीला जमनार न्हाई. काकूंना म्हनाव, मला एक खरीखुरी करून द्या, पोराला. नमदा मात्र नवाच घालू. आज सांगतो, शुक्रवारी गाडी घेऊन जा."

"घाई नको," सर म्हणाले. "दीड महिन्यानं मागव."

"दीड महिना? सर, चार दिवसांचं काम हाये."

"तोवर गाडी इथंच राहू दे. चावीही." त्यांनी चावी राधेश्यामच्या हातावर ठेवली. "आणि अक्षताचा फोन आला तर सांग, नमदा मिळत नाही."

मग ते बसस्थानकात गेले. फलाटावर दोन बस उभ्या होत्या आणि दोन्हींना पाट्या होत्या. सर पाट्यांपुढे डोळे बारीक करून थांबले नाहीत. दाराशी उभ्या असलेल्या वाहकाला त्यांनी विचारलं, "जालन्याची हीच ना? मला डोळ्यांच्या दवाखान्यापाशी उतरायचंय." आणि ते चढले.