लॅटिनच्या मास्तरांची बदनामी

एकशे बावन्नाव्या पानावर थर्कटल मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेतल्या खुनांच्या गमतीदार गोष्टी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मढं बहुधा हेडमास्तरचं असायचं, ही त्यातली खरी गोडी. 'पाचवा तास, दुसरा खून' या नव्या पुस्तकासाठी मार्ल्सबीच्या वाचनालयात त्यांनी सात आठवडे नंबर लावला होता. आणि आता हे काय? सगळा संशय लॅटिनच्या मास्तरावर! थर्कटल स्वतः बावीस वर्षं लॅटिन शिकवत होते.

"दरवेळी आम्हीच!" ते शिक्षकांच्या खोलीत कडाडले. "गणिताचा मास्तर साधा उंदीर तरी मारतो का या पुस्तकांत?"

"अहो, संपवा तरी आधी पुस्तक," गणिताचे प्रिंगल म्हणाले. "आणि चहा घ्या, गार होतोय."

पण आमच्या मार्ल्सबी गावात माणूस चिडला की भांडत नाही, वर्तमानपत्राला पत्र लिहितो. थर्कटलांनी पुस्तक तिथेच मिटलं आणि एका बैठकीत खरडलं: 'या पुस्तकात पुन्हा एकदा लॅटिनच्या शिक्षकाला खुनी ठरवून एका सभ्य पेशाची बदनामी केली आहे.' खाली सही, हुद्दा आणि शाळेचं नाव.

गुरुवारी पत्र छापून आलं आणि गाव खवळलं. खुनी कोण हे आधीच फोडणं म्हणजे आमच्याकडे महापाप, आणि यादीत थर्कटलांच्या मागे एकतीस जण होते. वाचनालयाच्या मिस ऑडली त्यांना बघून रस्ता ओलांडून गेल्या. खाटकाने मटण म्हणून नुसती हाडं बांधून दिली. सगळ्यात वाईट म्हणजे, थर्कटलांच्या लगेच मागचा नंबर हेडमास्तर क्रॅबट्रींचा होता.

"दोन महिने वाट बघत होतो मी, थर्कटल!" हेडमास्तरांचा आवाज कापत होता. "पुढच्या गुरुवारी माफी छापून आली पाहिजे. नाहीतर संस्थापक दिनाचं लॅटिन भाषण यंदा खेळाचे मास्तर करतील. इंग्रजीत!"

ते भाषण दरवर्षी थर्कटलांचं असायचं. कुणाला अक्षर कळत नसलं तरी वर्षातून त्या एकाच दिवशी सगळं गाव त्यांचं ऐकून घ्यायचं. माफीत काय लिहावं हे बघायला त्यांनी उरलेली पानं भराभरा वाचली, आणि ओरडलेच. खुनी भलताच निघाला होता! पुस्तक घेऊन ते तसेच धावले.

"सर, मी काहीच फोडलेलं नाही! लॅटिनचा मास्तर निर्दोष आहे!"

"काय सांगता!" हेडमास्तर खुलले. "मग मिटलं की! हेच छापा. पण सुटतो कसा तो? तेवढंच सांगा हं, खुनी नको."

थर्कटलांनी वाचून दाखवलं. "'छे हो, हा कसला खून करतोय!' गुप्तहेर बाई हसत म्हणाल्या. 'खुनाला डोकं लागतं, हिंमत लागते. हा बिचारा लॅटिन शिकवतो.'"

हेडमास्तर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अगदी बरोबर ओळखलंय हो बाईने! हेच वाक्य टाका माफीत, तुमच्या सहीनं. भाषण तुमचंच."

थर्कटलांचे कान लाल झाले. ते घरी गेले आणि लिहायला बसले.

पुढच्या गुरुवारी गावाने चहाच्या आधी वर्तमानपत्र उघडलं. पत्र दोनच ओळींचं होतं.

'मी माझं म्हणणं मागे घेत नाही. खून लॅटिनच्या मास्तरानेच केला आहे, आणि इतक्या हुशारीने केला आहे की लेखिकेलाही पत्ता लागलेला नाही.'