टक्केवारीनुसार भारत

"उद्या दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी भारत येईल. पाच मिनिटं इकडे किंवा तिकडे!" मुज्तबाने छातीठोकपणे सांगितले. टेबलापुढे कुबडी टेकून उभ्या असलेल्या भुजंगमामाने मान डोलावली, जणू भारत अहमदपूरच्या एसटीनेच उतरणार होता.

मुज्तबा बीएस्सी फिजिक्स. लातुरातल्या एका क्लासमध्ये तो 'डाऊट सर' होता. शिकवणारे सर वेगळे. ते तासाला यायचे, टाळ्या घ्यायचे आणि जायचे. मागे उरलेल्या शंका सकाळी सहापासून मुज्तबाच्या टेबलावर येऊन पडायच्या. बारावीची परीक्षा सुरू झाल्यापासून तो झोपेतही "घर्षण शून्य धरा" असे पुटपुटत असे. अर्थात, झोप मिळाली तर!

भुजंगमामा किल्लारीचा, क्लासच्या सायकल स्टँडचा राखणदार. भूकंपात त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. शिबिरात मिळालेला जयपूर फूट त्याने पेटीत कपड्यांखाली ठेवला होता. "चांगल्या कामाला लागंल," म्हणायचा. साडेचार वर्षांत तसे काम निघाले नव्हते.

त्याने पेपरात वाचले, की जपानात अपंगांचे हिवाळी खेळ भरणार आहेत. लगेच कुबडीवर उड्या मारत तो डाऊट टेबलाशी आला.

"सर, बर्फात कुबडी घसरत न्हाई का?"

अभ्यासक्रमाबाहेरची शंका! मुज्तबाचे डोळे तीन आठवड्यांत प्रथमच पूर्ण उघडले. तो घर्षणावर पाऊण तास बोलला आणि त्याच भरात भारताची वेळही सांगून बसला. गेल्या महिन्यात धडधाकटांच्या हिवाळी खेळांत त्याने आपला झेंडा टीव्हीवर पाहिला होता. तिथे भारत होता, म्हणजे इथेही असणारच. एका निरीक्षणावरून नियम काढू नये, हे तो पोरांना रोज सांगायचा. पण दिवसाला दोनशे शंका सोडवणाऱ्या माणसाने स्वतःची शंका कधी घ्यायची?

शिवाय त्याचे निम्मे लक्ष रविवारकडे होते. नांदेडहून अम्मीचा, अख्तरीचा, फोन आला होता.

"इस इतवार को ग्यारा बजे नाझनीन के घर जाना है। दो बार टाला तूने। उसके अब्बा निजामोद्दीन साब साफ बोले, तिसरी बार लडका नई आया तो बात खतम!"

"आताऊँ अम्मी. इस बार पक्का."

"पिछली बार भी पक्का बोला था!"

गुरुवारी दुपारी केबलवाल्याच्या मोठ्या छत्रीने जपानचे चॅनेल पकडले. क्लासच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर भुजंगमामा आणि अपंगत्वाच्या सर्टिफिकेट शिबिरातले त्याचे पाच ओळखीचे बसले. निवेदक काय बोलतो ते कुणालाच कळत नव्हते. पण पाट्यांवर इंग्रजी अक्षरे होती, आणि देश वर्णानुक्रमाने येत होते.

माणसे चाकांच्या खुर्च्यांवर येत होती, कुबड्यांवर येत होती, सोबत्याच्या कोपराला धरून येत होती. रंगीत जाड कोट घातलेले ते लोक प्रेक्षकांकडे बघून हात हलवत होते.

"आयला, हे तर नवरदेवावानी चाललेत!" भुजंगमामा म्हणाला.

मग एक देश आला. देश म्हणजे एकच माणूस, हातात झेंडा.

"एकटाच?"

"एकटाच," मुज्तबा म्हणाला.

"अन् लाजत बी न्हाई!" भुजंगमामा पुढे सरकला.

जर्मनी गेला, ब्रिटन गेला. "आता आय!" मुज्तबा खुर्चीच्या टोकावर आला.

इराण आला.

"सर, भारत?"

"मागून येत असेल."

मागून इटली आली. मग बाकीचे देश आले आणि सगळ्यात शेवटी यजमान आले. आतषबाजी झाली. भुजंगमामा मुज्तबाकडे वळला.

"सर, शंभर कोटीत एक बी माणूस न्हाई?"

"सत्त्याण्णव," मुज्तबा क्षीणपणे म्हणाला.

"मंजी सीट रिकामी हाय?"

मुज्तबा दमला होता, आणि दमला की तो जास्तच अचूक बोलायचा. "तांत्रिकदृष्ट्या रिकामीच म्हणावी लागेल."

हे वाक्य पुण्यात चालले असते. लातुरात सीट रिकामी आहे म्हटले, की विजेचे खांबसुद्धा फॉर्म भरायला निघतात!

शुक्रवारी सकाळी डाऊट टेबलापुढे चौदा जण उभे! हातात अपंगत्वाचे सर्टिफिकेट, साक्षांकित झेरॉक्स आणि दोन पासपोर्ट फोटो. मागोमाग क्लासचे मालक शेषेराव सर आले.

"हिवाळी बॅच काढलात अन् मला पत्ता न्हाई?"

"सर, बॅच नाही! लातुरात बर्फ कुठून आणू?"

"अकरावीला येतानी पोरांकडं तरी काय असतंय? आपणच तयार करतो ना? रविवारी सहाला मैदान मोकळं हाय."

"रविवारी मला नांदेड गाठायचंय, सर. लग्नाचं आहे!"

"मग सातला सोडा. साडेसातची गाडी धरा. झालं!"

रविवारी सहाला बावीस जण हजर होते. भुजंगमामाने जयपूर फूट घातला होता, वर इस्त्रीची विजार. मुज्तबाच्या खांद्याला बॅग होती.

"मामा, मी शिकवू तरी काय?"

"बर्फाचं मागून बघू. ते लोक आधी काय करत होते? चालत होते. चालाया बर्फ कशाला लागतंय?"

हे खरे होते. मैदानाची एक फेरी, फार तर दहा मिनिटे. मुज्तबाने पुठ्ठ्यावर 'भारत' लिहिले आणि म्हणाला, "उंचीप्रमाणे उभे राहा."

"उंची?" उदगीरकडचा महादेवप्पा कुबड्या आपटत ओरडला. "लातूर हाय हे! टक्क्यांनी लावा!"

बावीस सर्टिफिकेटे बाहेर निघाली. ज्याचे अपंगत्वाचे टक्के सगळ्यांत जास्त, तो पुढे. मुज्तबा पाठकोऱ्या कागदावर मेरिट लिस्ट करू लागला. महादेवप्पा पंचाहत्तर. भुजंगमामा साठ.

"ह्यो पंचाहत्तर?" भुजंगमामा भडकला. "कुबड्यांवर एसटीच्या पुढं पळतोय ह्यो! माझा सबंध पाय गेला अन् साठच? रिचेकिंग करा!"

"डॉक्टरनं दिलेत. जळू नको!"

"चौघं साठवाले हाव आम्ही, सर! आमच्यात पुढं कोण?"

"जन्मतारीख बघा," मुज्तबा म्हणाला.

तिघांची जन्मतारीख सालासकट एकच निघाली, एक जून. गावोगावच्या शाळेत गुरुजींनी तीच लिहिली होती. साडेसातची गाडी गेली. साडेआठचीही गेली. नाझनीन, अम्मी, अकरा; हे तीन शब्द मुज्तबाच्या डोक्यात फिरत होते, आणि बाही धरून कुणीतरी म्हणत होते, "सर, माझं पंचेचाळीस पूर्णांक पाच हाय. पॉइंट धरणार का न्हाई?"

नऊला रांग एकदाची लागली. मुज्तबाने पाटी उचलली आणि बावीस जण मागून निघाले. पहिल्या वळणावर त्याला फाटकात एक गृहस्थ दिसले. शेरवानी, टोपी, आणि मार्च महिन्यात हातात छत्री. फोटोवरून ओळख पटली. निजामोद्दीनसाहेब!

"पाच की गाडी से आया मैं," ते म्हणाले. "दो बार टाला, तो सोचा, लडके का कुछ चक्कर है। खुद जाके देखूँ। ये क्या चालू है, मियाँ?"

मुज्तबाने खरे ते सगळे सांगितले. जपान, इराण, इटली, रिकामी सीट. सांगताना त्यालाच ते इतके खोटे वाटत होते, की शेवटी तो नुसताच पाटीकडे बोट दाखवत राहिला. बात खतम, हे त्याला कळून चुकले.

निजामोद्दीनसाहेबांनी रांगेवरून शेवटपर्यंत नजर फिरवली. मग छत्रीवर सगळा भार टाकत त्यांनी शेरवानीच्या आतल्या खिशातून घडी झालेला कागद काढला.

"पैंतालीस फीसद," ते हळूच म्हणाले. "नौ साल हुए। घर में भी किसी को नई दिखाया।"

भुजंगमामाने कागद उजेडात धरून वाचला.

"पंचेचाळीस? लई कमी हाय, चाचा. मागं उभं ऱ्हावा!"

आणि निजामोद्दीनसाहेब छत्री टेकत मुकाट्याने मागे गेले.

सोमवारी अम्मीचा फोन आला. "बात पक्की! साब बोले, लडका हीरा है। बस, इतवार को उसकू नांदेड मत बुलाओ, बॅच बुडती।"

मुज्तबाने नाझनीनला अजून पाहिलेले नाही. सासऱ्यांना मात्र तो दर रविवारी पाहतो. पॉइंट धरायचा नाही असे ठरल्यापासून ते एक जागा पुढे सरकून शेवटून तिसरे असतात.