खैरनार सरांनी न तोडलेली ओळ

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मी कुणावर लिहावं म्हणजे आगाऊपणाच. आधीच माफी मागतो. पण खैरनार सरांबद्दल कुणीतरी लिहायला हवं.

सर आमच्या नाशिकच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतात. मूळचे सटाण्याकडचे, बोलणं अहिराणी वळणाचं: ‘अडकलं’ला ‘अडकनं’, ‘बोलला’ला ‘बोलना’. लॅबमधली लिनक्सची जुनी मशीनं सुरू होताना पडद्यावर ओळी धावतात. एकेक सेवा उठते आणि तिच्यापुढे हिरवं ‘ओके’ येतं. एखादी ओळ रेंगाळली की सरांना घाम फुटतो. "अडकनं? तोड!" कंट्रोल-सी दाबलं की ती सेवा सुटते आणि मशीन पुढे जातं.

हे मशीनपुरतंच नाही. तोंडी परीक्षेत मी अडखळलो, तरी "तोड, पुढचं सांग!" कॅन्टीनवाले अण्णा मुद्दाम विचारतात, "सर, चहा उकळेना. तोडू का?" सर हसत नाहीत.

अडकलेलं काही त्यांना का बघवत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला. लढाई पेटलेल्या एका बंदरात जहाज अडकलं, आणि त्याचा फोन बंद झाला.

एका सकाळी सरांच्या टेबलावरचं मशीन मी सुरू केलं. ओळी धावल्या आणि एकीवर सगळं थांबलं. बिघडलं तर नाव माझंच येणार. "सर, अडकलं. तोडतो," म्हणत मी बोटं टेकवली.

सरांनी माझं मनगट घट्ट धरलं. "हात नको लावू रे भो!"

मग हळूच म्हणाले, "जहाजावर जायच्या आधी ती ओळ पोऱ्यानं टाकेल शे. मशीन उठलं की जहाजावरच्या त्याच्या लॅपटॉपला हाक मारतं. तो चालू असला, तर ओके."

ओळ तशीच राहिली. शेवटी मशीननेच कंटाळून लाल ‘फेल’ लिहिलं. "उद्या बघू," सर म्हणाले.

मग मीही रोज लवकर जाऊ लागलो. ती ओळ आली की सर दोन्ही हात खिशात कोंबायचे. बोटांवर त्यांचा भरवसा नव्हता. मला फेलची भीती वाटायची. त्याआधीच्या शांततेची जास्त.

काल अण्णा चहा घेऊन आले तेव्हाही ओळ थांबलेलीच होती. आम्ही तिघं बघत असतानाच तिच्यापुढे हिरवं ओके आलं.

"काय झालं सर?" अण्णांनी घाबरून विचारलं.

सरांचे हात अजून खिशातच होते.

"पोऱ्या बोलना," ते म्हणाले.