वाटीवरची तारीख

"एटीएम कार्डाचा नंबर ठेवताना एवढं पाळा, वहिनी," बँकेतले अर्जुनराव चष्म्यावरून बघत म्हणाले होते. "जन्मतारीख, लग्नाची तारीख असलं काही ठेवू नका. आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, नंबर कुणी मागितला तर सांगायचा नाही."

स्वप्नालीने मान डोलावली आणि बँकेच्या पायऱ्या उतरेपर्यंत ते सोडूनही दिलं. ती पाणी दोनदा उकळणारी, गॅस बंद केला का ते बघायला रस्त्यातून माघारी येणारी, झोपलेल्या लेकीच्या नाकाशी बोट धरून श्वास चाललाय ना याची खात्री करणारी बाई. वर बी.कॉम. तिला सावधपणा कुणी शिकवावा? तिने चार आकडे ठेवले ते ईश्वरीच्या जन्माचे, दिवस आणि महिना. परळीत आपल्या लेकीची जन्मतारीख कोण पाठ करत बसलंय, असा तिचा हिशेब.

या हिशेबात सासरे धरलेले नव्हते. गुरुलिंगआप्पांचं वैजनाथाच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर भांड्यांचं दुकान होतं, आणि दुकानात भांड्यांवर नाव घालायचं मशीन. त्या मशीनचा आप्पांना नाद होता. बादली, बॅटरी, बायकोच्या चष्म्याची डबी, न्हाणीतला प्लॅस्टिकचा मगसुद्धा, सगळ्यावर 'गुरुलिंग विश्वेश्वर, परळी'. "नाव घातलेली वस्तू गाव फिरून घरी येतीच," असं ते म्हणत, आणि लग्नकार्यात शेजारी गेलेली त्यांची पातेली खरोखरच परत येत. नातीच्या बारशाला त्यांनी आल्यागेल्या प्रत्येकाच्या हातात स्टीलची वाटी ठेवली. प्रत्येक वाटीवर 'चि. ईश्वरी' आणि खाली जन्मतारीख. वाट्या परळीभर गेल्या, पालीच्या मावशीकडे गेल्या, शिरूर कासारचे पाहुणे तर न आलेल्यांच्याही घेऊन गेले. थोडक्यात, स्वप्नालीचा गुप्त नंबर निम्म्या जिल्ह्यात दही लावायला वापरला जात होता.

आणि त्या खात्यात नुसते पैसे नव्हते. ईश्वरीचं डावं पाऊल जन्मापासून आत वळलेलं होतं. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वेळेवर ऑपरेशन झालं तर पोरगी पळेल. स्वप्नालीचा नवरा बसवेश त्यासाठी थर्मल वीज केंद्रात जादा पाळ्या करत होता. जमलेलं सगळं त्या खात्यात होतं आणि येत्या सोमवारी दवाखान्यात भरायचं होतं. कार्ड देवघरात, विभूतीच्या डबीखाली.

त्या आठवड्यात पेपरात कार्डचोरीची बातमी आली. स्वप्नालीने ती जेवताना वाचून दाखवली.

"म्हंजे एवढंसं प्लॅस्टिक कुणी नेलं तर समदे पैसे जातेत?" आप्पांनी देवघरातून कार्ड आणून विचारलं.

"जातात, आप्पा."

"अन् ह्याच्यावर नाव हाय ते इंग्रजीत. हे आपलं हाय हे लोकायला कळावं कसं?"

"लोकांना कळून काय करायचंय?"

आप्पांनी कार्ड डबीखाली परत ठेवलं आणि विचारात पडले. विचारात पडलेले आप्पा ही खरं तर काळजीची बाब होती. पण सगळ्या काळज्या करणाऱ्या स्वप्नालीकडून नेमकी तीच राहिली.

शनिवारी दुपारी ती ईश्वरीला डोस पाजून दवाखान्यातून घरी आली, तर सासूबाई, गंगासागरबाई, मोठ्या खुशीत होत्या.

"बँकेचा साहेब येऊन गेला. लई गुणाचं पोरगं. गळ्यात टाय, हातात बॅग. जुनी कार्डं घेऊन फोटोची नवी द्यायलेत म्हणे."

"आणि?"

"मंग काय, चुरमुऱ्याचा सुशीला केला, वर दही वाढलं. दोनदा मागून घेतलं त्यानं."

"आत्याबाई, कार्ड?"

"दिलं की. त्याच्यासाठीच आलता ना तो."

स्वप्नालीने लेकीला घट्ट धरलं. "नंबर विचारला का त्यानं?"

"इचारला. मी म्हणलं, मला न्हाई बा म्हाईत. तोंड उतरलं लेकराचं. म्हणाला, बहुतेकांचा जन्मतारखेचाच ऱ्हातो, घरात कुणाची तारीख हाय का ध्यानात? म्हणलं, ध्यानात कशापायी ठेवायची, तुमच्या हातातल्या दह्याच्या वाटीवरच हाय की."

"मग?"

"मग वाटी बी देऊन टाकली. बारशाला नव्हता ना तो."

स्वप्नालीने बँकेच्या मदतीचा नंबर फिरवला. बराच वेळ गाणं वाजलं. मग एका बाईंनी गोड आवाजात सांगितलं की ओळख पटवायला जन्मतारीख लागेल.

"तारीख सोडून काहीही विचारा हो," स्वप्नाली रडकुंडीला येऊन म्हणाली, आणि फोन कटला, तो पुन्हा लागेना. बँक शनिवारी लवकर मिटते. राहिलं एटीएम, चोर तिथंच जाणार. दुकानात आप्पांना निरोप धाडून ती रिक्षात बसली, तशा गंगासागरबाईही चढल्या. "मी येते. तोंडओळख मलाच हाय."

रिक्षा स्टेशनकडे वळली. स्वप्नालीच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. तेवढ्यात सासूबाईंनी ईश्वरीचं वळलेलं पाऊल हातात घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "ह्याचेच पैसे होते का गं ते?"

"हो."

"मला सांगितलं असतंस तर मी दारातूनच हाकलला असता त्याला."

'घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.' अर्जुनराव तेवढंच तर म्हणाले होते.

थर्मलच्या पगाराच्या दिवशी एटीएमपुढे ही लांब रांग असते. पण आज रांग मोडून सगळे एका माणसाभोवती जमले होते. तो बसवेशच्याच पाळीतला बंकट. मागून लुनावर आप्पा येताना दिसले, तसा त्याने हात वर केला. हातात कार्ड होतं.

"आप्पा, हे तुमचंच ना? नाव हाय तुमचं."

"कुठं घावलं बे?"

"एक टायवाला घुसला. कार्ड घालतो, मशीन बाहेर फेकतंय. पुन्ना घालतो, पुन्ना बाहेर. मी त्याच्यामागंच उभा. म्हणलं, आण इकडं, उलटं घालायलास का काय. बघतो तर कार्डाच्या पाठीवर तुमच्या मशीनचं अक्षर. ते तर माझ्या घरी प्रत्येक ताटावर हाय. म्हणलं, आप्पाचा कोण तू? तर म्हणतो, पुतण्या. म्हणलं, आप्पाला भाऊच न्हाई, पुतण्या कुठून काढलास?"

"मग?"

"मग काय, बॅग टाकून पळाला. बॅगेत आणखी लोकायची कार्डं अन् ही वाटी. बॅग पोलिसात देतो, वाटी तेवढी तुमी ठेवा."

स्वप्नालीने कार्ड उलटं केलं. मागच्या काळ्या पट्टीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ठसठशीत कोरलेलं होतं: गुरुलिंग विश्वेश्वर, परळी.

"आप्पा, हे कधी केलंत?"

"तू बातमी वाचलीस ना, त्याच्या दुसऱ्या दिशी. समोर जागाच न्हवती. मागं ही पट्टी दिसली, चांगली गुळगुळीत."

"त्या पट्टीतच सगळं असतं. ती खरवडली गेली म्हणून मशीनने कार्ड घेतलं नाही."

"म्हंजे मी कार्ड खराब केलं?"

"हो."

"अन् त्याच्यामुळंच पैसे वाचले?"

"हो."

"मग मी चुकलो का बरूबर केलं, ते एकदा ठरवून सांग. म्हंजे मान खाली घालायची का छाती फुगवायची ते कळंल."

सोमवारी सकाळी सगळी वरात बँकेत गेली. लातूरचे पैसे स्लिपवर निघाले, नव्या कार्डाचा अर्ज झाला. अर्जुनरावांनी सगळी हकीकत ऐकली आणि मान हलवत म्हणाले, "तरी मी सांगितलं होतं, वहिनी. जन्मतारीख ठेवू नका." मग त्यांचा हात पेनावरच थांबला. आवाज खाली आणून ते म्हणाले, "आप्पा, आमच्या नातवाच्या बारशाच्या वाट्या तुमच्याकडूनच नेल्या होत्या ना?"

"व्हय की. नाव, तारीख, समदं घातलेलं हाय. मोठ्या अक्षरात."

अर्जुनरावांनी पेनाला टोपण लावलं आणि उठले. "जरा बसा. मी एटीएमपर्यंत जाऊन येतो."

आता ईश्वरी दुकानभर पळते आणि रचलेल्या पातेल्यांची उतरंड रोज एकदा तरी पाडते. नवा नंबर कशाचा आहे, ते स्वप्नाली कुणालाच सांगत नाही. नव्या कार्डावर नाव घालू का, असं आप्पा अधूनमधून विचारतात. ती कार्डाचं प्लॅस्टिकचं पाकीट पुढे करते, नाव त्याच्यावर घाला म्हणून.

तुम्ही मात्र एवढं करा. आज घरातल्या आईजवळ, सासूजवळ घटकाभर बसा आणि विचारा, दारात टायवाला आला तर काय काय द्याल? त्या काहीही म्हणाल्या तरी रागावू नका. सुशीला खुशाल घाला म्हणावं, दहीही वाढा. फक्त वाटी कुठली घ्यायची, ते तेवढं सांगून ठेवा.