बुडबुडा मधोमध

"टॅक्सी आली," खिडकीतून बघत थोरली म्हणाली.

"येऊ दे. तिपाई घाईने उभी राहत नसते," बाबा म्हणाले.

धाकटी दोन वर्षांसाठी परदेशी शिकायला निघाली होती. सामान दाराशी आलं होतं, फक्त एक फोटो राहिला होता. घरातल्या अल्बममध्ये चौघं एकत्र कुठेच नव्हती, कारण फोटो नेहमी बाबाच काढायचे. म्हणून थोरलीने मैत्रिणीकडून ट्रायपॉड मागून आणला होता; बाबा त्याला तिपाईच म्हणत. कॅमेरा त्यावर बसवायचा, टायमर लावायचा आणि पळत जाऊन सगळ्यांत उभं राहायचं. लेक निघण्याआधी आईला तेवढा एक फोटो हवा होता, बाकी तिने काहीच मागितलं नव्हतं.

बाबांचा जन्म जमिनी मोजण्यात गेला होता. तिपाई लावण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. फक्त, शेजारच्याला शिकवल्याशिवाय त्यांना ती लावता येत नसे.

"आधी वरचा जाड भाग उघडायचा, बारीक नळ्या शेवटी. का?"

"बारीक आधी काढल्या तर डगमगतं," घड्याळाकडे बघत धाकटी म्हणाली.

"शाबास. आणि एक पाय?"

"पुढे, कॅमेऱ्याच्या तोंडाकडे. बाबा, विमान आहे."

"अहो, टॅक्सीवाल्यालाच आत बोलवा ना," आई म्हणाली. "एक बटण तर दाबायचंय."

"त्याचा हात हलेल."

असं म्हणत बाबांनी सवयीने तिपाईच्या एका पायाच्या टोकावर बुटाचा दाब दिला. मातीत असं केलं की तिपाई घट्ट रुतते. फरशीत काय रुतणार? तिपाई सटकली, कॅमेरा कलंडला आणि थोरलीने तो कसाबसा झेलला. बाहेर हॉर्न वाजला.

तिपाई पुन्हा उभी राहिली. तिच्या माथ्यावर छोटी पाणसळ होती, म्हणजे काचेच्या डबीत तरंगणारा एक बुडबुडा. तो मधोमध आला की कॅमेरा समतल. तिघी दाराजवळ, टांगत्या दिव्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. धाकटी एका टोकाला. बाबांनी तिपाईचा एक पाय केसभर लांबवला, दुसरा आखडला, श्वास रोखला. बुडबुडा मधोमध आला. मग त्यांनी कॅमेऱ्यात पाहिलं, आणि पाहतच राहिले.

थोरली येऊन वाकली. "वाकडं दिसतंय."

"बुडबुडा बघ."

"बुडबुडा मध्येच आहे. पण दार तिरकं आहे, खिडकी तिरकी आहे. कपाटसुद्धा."

बाबांनी सगळे पाय मिटले आणि पहिल्यापासून उघडले. बुडबुडा मधोमध, दार तिरकं. पाणसळच खोटी असेल म्हणून त्यांनी कॅमेरा पाणसळीसकट गर्रकन मागे वळवला. बुडबुडा जागचा हलला नाही. खरी पाणसळ अशीच ओळखायची, हे त्यांनीच मुलींना शिकवलं होतं.

हे घर त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतलं होतं. पेन्सिल हातातून पडली की घरंगळत थेट कपाटाखाली जायची. न्हाणीघरातलं पाणी भोकाकडे न जाता दाराकडे यायचं. "घर एका बाजूला बसलंय," आई म्हणायची. "फरशीवाल्याने घोळ घातला. घर ओळंब्यात आहे, टांगलेल्या दोरीसारखं सरळ," बाबा म्हणायचे. लोकांच्या जमिनी मोजत फिरलेल्या माणसाने स्वतःच्या घरात मात्र कधी पाणसळ ठेवली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मुलींनी आईकडे पाहिलं. 'मी म्हणत नव्हते?' हे इतकी वर्षं राखून ठेवलेलं वाक्य तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. बाहेर टॅक्सीवाल्याने हॉर्नवरचा हात काढायचं सोडून दिलं होतं.

"अहो," आई हळूच म्हणाली, "घर काय, कुठे पळून जात नाही. पोरगी निघालीये."

बाबांनी बुडबुड्याकडे एकदा पाहिलं आणि तिपाईचा डावा पाय आखडला. बुडबुडा कडेला गेला, दार सरळ झालं. जन्मात पहिल्यांदाच तिरकी तिपाई लावून बाबांनी टायमर दाबला, धावत आईच्या शेजारी पोचले, आणि फोटो निघाला.

आठवड्याने धाकटीचा फोन आला. आईने तो स्पीकरवर लावला.

"फोटो भिंतीवर लावलाय. दार, खिडकी, कपाट, सगळं कसं रेषेत. बाबांच्या हाताला तोड नाही."

शेजारी बसलेले बाबा नखं बघू लागले.

"फक्त तुम्ही तिघंही माझ्या बाजूला झुकलायत."

"तू निघाली होतीस," आई म्हणाली. "झुकणारच."

"माणसांचं समजलं गं. पण वरचा दिवा? तोही झुकलाय."

बाबांनी वर पाहिलं. दिवा दोरीला निवांत लटकत होता. अख्ख्या घरात ओळंब्यात असलेला तो एकटाच. आईनेही वर पाहिलं, मग बाबांकडे.

"वारा होता त्या दिवशी," ती म्हणाली.

पलीकडे धाकटीने भिंतीवरचा फोटो पुन्हा नीट पाहिला. त्यात खिडकी घट्ट बंद होती.

"हो, आठवलं," ती म्हणाली. "खूपच वारा होता."