चार वाजून दहा मिनिटांचं स्वप्न

सीताराम परबांच्या छातीवर चोवीस तासांसाठी एक मशीन चिकटवलं होतं आणि सोबत एक वही दिली होती. कधी काय केलं, काय वाटलं, सगळं त्यात लिहायचं; त्रास झाला की मशीनचं बटण दाबायचं. भांडुपच्या तरुण डॉक्टर नीलानं समजावलं होतं, "काका, तुमच्या हृदयाच्या नळीत ब्लॉकेज नाही. धुरानं, ताणानं तिचं आतलं अस्तर खराब होतं, मग बसल्याजागी ती अचानक आवळते. विडी सोडलीत ना?"

"कधीच," सीताराम म्हणाले. शेजारी बायको बसलेली असताना दुसरं काय म्हणणार? त्यांचं अक्षर डॉक्टरांपेक्षाही वाईट, म्हणून वही बायकोकडे, राधाकाकूंकडे आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते वाळत घातलेली आमसुलं राखायला गच्चीवर गेले आणि टाकीमागे विडी पेटवली. चार झुरक्यांत छाती आवळली. घाबरून त्यांनी मशीनचं बटण दाबलं, डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली ठेवली आणि चटईवर आडवे झाले. कळ ओसरली, डोकं हलकं झालं, डोळा लागला. स्वप्नात मार्व्याहून खाडीपलीकडच्या मनोरीला बोट निघाली होती. इंजिनाला आवाज नव्हता. वाऱ्याला आमसुलांचा वास होता. पलीकडचा किनारा जवळ येतच नव्हता आणि कुणाला घाईही नव्हती. इतकं बरं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

बटण दाबलं म्हणजे वहीत नोंद आलीच.

"चार वाजून धा मिनटांनी काय लिवू?" काकूंनी विचारलं.

"स्वप्न पडला गो. बोटीत होतंय. थोडी कळ इली."

"बोटीत कोण होता?"

थाप मारायचीच तर जरा गोड मारू, असं त्यांना वाटलं. "तू होतंस."

काकू लाजल्या. मग ठळक अक्षरात त्यांनी लिहिलं, '४.१० – स्वप्नात मी. कळ.'

डॉक्टरांचा कागदावर फार विश्वास. त्यांनी आलेख पाहिला, वही पाहिली, मग काकूंकडे पाहिलं. "नळी नेमकी इथेच आवळलीय. मनावरच्या ताणानंही होतं असं. काकू, पंधरा दिवस बहिणीकडे राहून बघता का?"

घरी आल्या आल्या काकूंनी बॅग काढली आणि कुर्ल्याला बहिणीकडे जायला साड्या भरू लागल्या.

"माझ्यामुळे तुमच्या जीवाक त्रास होता, तर मी कित्याक रवू?"

त्यांचे भरलेले डोळे सीतारामांना बघवेनात. "अगो, तुझ्यामुळे नाय. टाकयेच्या पाठी विडी ओढलंय. स्वप्न मागसून पडला."

"ठावक आसा माका. चाळीस वर्षां तुमचो शर्ट कोण धुता? आता सोडतल्यात?"

"आजपासून." त्यांनी खिशातलं बंडल काढून काकूंच्या हातावर ठेवलं.

काकूंनी डोळे पुसले. दोन साड्या परत कपाटात गेल्या. तिसरीला हात थबकला.

"मगे बोटीत मी होतंय काय नाय?"

खरं बोलायला आत्ताच कुठे सुरुवात झाली होती. "नाय," सीताराम म्हणाले.

काकूंनी कपाट उघडलं आणि दोन्ही साड्या पुन्हा बॅगेत भरल्या.