न सुटलेल्या गाठीची आणि चारशे बारा लेखांची हकीकत

श्री धन्वंतरी सहाय्य. ज्यांनी लेख लिहिला ते, आणि ज्यांचे नाव लेखावर आहे ते, या उभयतांस दंडवत घालून, आणि आधी कोणास घातला हे न सांगता, आरंभ करितो. शके सोळाशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सरे, आश्विन-कार्तिकमासी एका राज्यात वर्तमान ऐसे जाहले. राज्याचे नाव विचारू नये. सांगितल्यास बाकीच्या राज्यांचे वैद्य उठून म्हणतील की हे तर आमचेच.

त्या राज्यात विद्येचा बहुत आदर, आणि वैद्यांनी अनुभवास आले ते लिहून आरोग्यपत्राच्या कचेरीत धाडावे, मग पडद्याआडच्या दोघां परीक्षकांनी ते तपासावे, आणि मग नकला होऊन गावोगावी जाव्या, ऐसा शिरस्ता होता. आणि दुसरा शिरस्ता ऐसा की लेख कोणीही लिहो, पहिले नाव राजवैद्य धुंडिराजपंतांचे घालावे. पंत थोर पुरुष. त्यांचे नावे चारशे बारा लेख होते, आणि त्यांतले काही त्यांनी पाहिलेही होते. त्यांनी अमृतकाढा काढिला, आणि त्याने लेकरांचा ताप तीन दिवसांत उतरतो ऐसा लेख दुसऱ्याकडून लिहविला, आणि महाराज संतोष पावून त्यांनी हुकूम फर्माविला की मार्गशीर्षापासून राज्यातील प्रत्येक तापकरी लेकरास काढाच द्यावा, दुसरे काही देऊ नये.

तेव्हा डोंगरपट्टीच्या दवाखान्यावर सगुणाबाई म्हणोन वैद्य होत्या. त्यांनी आईबापांस विचारून चाळीस तापकरी लेकरे घेतली, आणि चिठ्ठ्या टाकून दोन रांगांत निजविली, आणि एका रांगेस काढा व दुसरीस नुसती तांदळाची पेज दिली, आणि रोजचे रोज लिहून ठेविले. पेजेची लेकरे पाचव्या दिवशी अंगणात पळू लागली. काढ्याची ओकून ओकून नवव्या दिवशी उठली, आणि त्यांत ठकू म्हणोन एक पोर इतकी खंगली की बाईंनी तिला मांडीवर घेऊन बोंडल्याने पाणी पाजून जगविली. त्या दोन दिवसांत बाईंचा जीव अर्धा जाहला. मार्गशीर्ष लागल्यावर घरोघरी ऐशा ठकू होतील, आणि त्यांस मांडीवर घेणारे कोण, या चिंतेने त्यांनी लेख लिहून कचेरीत धाडिला. संपादकांनी तो परत केला आणि लिहिले की, "काढ्याने गुण आला असता तर घेता आला असता. गुण न आल्याचे कोण वाचतो?"

मग बाईंस दुसरा शिरस्ता आठवला. त्यांनी लेख वेष्टनात गुंडाळून वर लाल दोऱ्याची गाठ मारिली, आणि "वाचून पटल्यास नाव घालावे" ऐसी चिठ्ठी जोडून तो पंतांकडे धाडिला. पंतांनी तो अठरा दिवस ठेविला, आणि मग वेष्टनावर झोकदार अक्षरात नाव घालून परत केला. गाठ जशीच्या तशी होती. बाई गाठीकडे पाहून त्या महिन्यात प्रथमच हसल्या, आणि गाठ स्वहस्ते सोडून लेख कचेरीत रवाना केला. पहिल्या परीक्षकांनी लिहिले, "राजवैद्यांचे नाव पाहिले, शंका उरली नाही." दुसऱ्यांनी लिहिले, "लेख उत्तम, फक्त माझ्या तीन लेखांचा उल्लेख राहिला, तो करावा." बाईंनी केला.

आणि अलीकडे कचेरीने नवी चाल काढिली होती, की लेखाचे सार सोप्या बोलीत दवंडी पिटून रयतेस सांगावे. पंतांची पालखी भर बाजारातून चालली असता दवंडीवाला ओरडला, "ऐका हो ऐका, राजवैद्य धुंडिराजपंत कळवितात," आणि पंत पालखीतून मान डोलवू लागले. मग तो पुढे ओरडला, "की अमृतकाढ्यानं ताप लवकर उतरत नाही, पोर मात्र ओकतं, सबब पेज पाजा." पंतांची मान डोलता डोलता थांबली, आणि पालखी दरबाराकडे वळली.

बाईंस बोलावणे गेले. पंत म्हणाले, "महाराज, हा लेख रद्द करावा. मी तो लिहिला नाही, वाचलादेखील नाही."

महाराज म्हणाले, "मग वर नाव कोणाचे?"

"ते शिरस्त्याने आले."

"आणि बाकीच्या चारशे बारांवर?"

दरबारातले निम्मे वैद्य आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहू लागले. महाराज बोलिले, "पंत, न वाचता नाव घालीत असाल तर सगळेच रद्द करू. वाचून घालीत असाल तर हा लेख खरा, आणि काढा बंद. काय ते सांगा."

पंतांनी तपकीर ओढिली, आणि दुसऱ्यांदा ओढिली, आणि म्हणाले, "आता आठवले. वाचला होता."

"दुसऱ्या रांगेस काय दिले होते?" महाराजांनी लेख पाहून विचारिले.

"काढाच. किंचित पातळ."

"पेज, सरकार," बाई म्हणाल्या. "वाचून नाव घाला, असं मी लिहून दिलं होतं. अठरा दिवस लेख त्यांच्याकडे होता. मी मारलेली गाठ मलाच सोडावी लागली. त्यांनी वाचला असता, तर पोरं ओकतात हे त्यांनाही दिसलं असतं, आणि मला इथवर चालत यावं लागलं नसतं."

महाराजांनी काढ्याचा हुकूम त्याच बैठकीत मागे घेतला, आणि नवा फर्माविला की येथून पुढे लेखावर प्रत्येक नावापुढे कोणी काय केले ते लिहावे. कारकुनाने तेथेच बाईंचा लेख पुढे ओढून लिहिले: धुंडिराजपंत, नाव दिले. सगुणाबाई, बाकी सर्व.

येणेप्रमाणे हकीकत. त्या मार्गशीर्षात लेकरांस पेज मिळाली, आणि ठकू दवाखान्याच्या अंगणातली बोरे पाडताना सापडली व बाईंची बोलणी खाती जाहली. प्रस्तुत लेखकाने ऐकले, लिहिले आणि दोनदा वाचले. नकल तपासण्यास पंतांकडे धाडिली होती. या खेपेस गाठ सुटलेली आली, आणि समासात स्वहस्ते दुरुस्ती होती, की लेख चारशे बारा नव्हेत, बाईंचा धरून चारशे तेरा.